ट्रान्सप्लांटनंतरची सर्दी: पहिल्याच दिवशी फोन करा

नवऱ्याच्या किडनी ट्रान्सप्लांटला चौदा महिने झाले होते. ऑगस्टचा दुसरा आठवडा, बाहेर पावसाची रिपरिप. नवऱ्याचं नाक गळायला लागलं, घसा खवखवत होता. ताप मोजला तर ९९.२. मी म्हटलं, पावसाचे दिवस आहेत, होणारच. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. अंगही दुखतंय म्हटल्यावर दुकानदाराने आणखी एक पट्टी हातात दिली. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून आला आणि पलंगाच्या काठावर बसूनच राहिला. शर्टाची बटणं लावताना दोनदा थांबला. ताप तेव्हाही शंभरच्या आतच होता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९१.

स्वॅबमध्ये इन्फ्लुएंझा, म्हणजे फ्लू निघाला, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांत पांढरे डाग. त्या दुसऱ्या पट्टीतली गोळी डायक्लोफेनॅक होती, किडनीला त्रास देणारं वेदनाशामक. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, १.३ वरून २.४ वर गेलं. अकरा दिवसांनी तो घरी आला, पण क्रिएटिनिन १.६ वर येऊन थांबलं. १.३ पुन्हा कधी दिसलं नाही. ती किडनी मी दिलेली आहे, आणि ते तीन दिवस मी घालवले, याची रुखरुख अजून जात नाही. म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरात नुकतंच ट्रान्सप्लांट झालंय किंवा तारीख ठरली आहे, त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. तुमच्या नेफ्रोलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरने) वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐकायचं.

१. साधी सर्दी साधी का राहत नाही

१९५४ साली बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. बाकी सगळ्यांच्या बाबतीत शरीर नव्या किडनीला परकं समजतं, आणि तिच्यावर धावून जाणाऱ्या पेशींना आयुष्यभर औषधांनी आवरून धरावं लागतं. टॅक्रोलिमस हे औषध त्यांतल्या टी-पेशींना जागं होऊ देत नाही. मायकोफेनोलेट त्यांची आणि बी-पेशींची संख्या वाढू देत नाही. स्टिरॉइड सगळ्याच प्रतिक्रियेची धार बोथट करतं. अडचण अशी, की ज्या पेशी किडनीवर धावून जातात त्याच विषाणूशीही लढतात. एकीला रोखायचं आणि दुसरीला मोकळं सोडायचं, अशी सोय या औषधांत नाही.

त्यामुळे ज्या विषाणूने मुलाचं नाक तीन दिवस गळून थांबतं, तोच विषाणू ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या घशातून फुप्फुसात उतरू शकतो. इन्फ्लुएंझा, कोविड, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा, मेटान्यूमोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस, अगदी नेहमीच्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरससुद्धा. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडलं की मागून जिवाणूंचा किंवा बुरशीचा न्यूमोनिया व्हायची वाट मोकळी होते. कोविडने हे किती जीवघेणं ठरू शकतं ते दाखवलं: पहिल्या लाटेत भारतातल्या १३ केंद्रांमधल्या २५० किडनी ट्रान्सप्लांट रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा त्यांतले ११.६ टक्के रुग्ण दगावले होते. आता लसी आहेत, उपचार आहेत, पण बेफिकीर राहण्याइतकं काही बदललेलं नाही.

सगळ्यात जपायचा काळ म्हणजे पहिले तीन ते सहा महिने. ऑपरेशनच्या वेळी टी-पेशी घटवणारं एटीजीचं इंजेक्शन दिलं असेल तर टी-पेशी सावरायला आणखी वेळ लागतो. रिजेक्शनसाठी, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारायला लागलं म्हणून, स्टिरॉइडचे मोठे डोस द्यावे लागले असतील, तर त्यानंतरचे काही महिने पुन्हा पहिल्यासारखेच जपायचे. हे दुसरं अनेकांना कोणी सांगत नाही.

आणि मला उशिरा कळलेली गोष्ट: ताप येणं ही शरीराची प्रतिक्रिया आहे. प्रतिक्रियाच दाबलेली असेल तर तापही नीट चढत नाही. "ताप नाही ना, मग काळजी नाही" हे वाक्य आमच्या घरात आता कोणी बोलत नाही.

२. आजारी पडायच्या आधी घरात काय हवं

एक डिजिटल थर्मामीटर, एक ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन आणि एक वही. वहीच्या पहिल्या पानावर ट्रान्सप्लांटची तारीख, चालू औषधं डोसासकट, शेवटचं क्रिएटिनिन, शेवटची टॅक्रो लेव्हल (रक्तातलं टॅक्रोलिमसचं प्रमाण). त्याच पानावर ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरचा नंबर आणि रात्री-अपरात्री कुठे फोन करायचा तो नंबर. घरातल्या निदान दोन माणसांना ही वही कुठे आहे ते माहीत हवं.

बरं असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तापमान आणि ऑक्सिजन लिहून ठेवा. माझ्या नवऱ्याचं रोजचं तापमान ९७.६ ते ९७.९ असतं. हे मला आधी माहीत असतं तर ९९.२ हा आकडा मला नुसता "कणकण" वाटला नसता.

३. लसी

सगळ्यात चांगली वेळ ट्रान्सप्लांटच्या आधीची, डायलिसिस चालू असतानाची. तेव्हा शरीर लसीला त्यातल्या त्यात बरा प्रतिसाद देतं. ती वेळ गेली असेल तर साधारण तीन ते सहा महिन्यांनी सुरुवात करतात. फ्लूची साथ असेल तर डॉक्टर एका महिन्यानंतरही फ्लूची लस देतात.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो आणि जागतिक आरोग्य संघटना लसीतले घटक वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, नव्याने सुचवते. आपल्याकडे फ्लूचे दोन उठाव असतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यात. म्हणून महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत लस घेतलेली बरी. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो ऑगस्ट अनेकांना आठवत असेल. तोच एच१एन१ आता नेहमीच्या फ्लूमध्ये सामील झाला आहे आणि दर पावसाळ्यात फिरत असतो.

न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकॉकसची लस विषाणूविरुद्ध नसते, पण फ्लूच्या पाठोपाठ येणाऱ्या जिवाणूला ती अडवते. कोणती आधी, कोणती नंतर, किती अंतराने हे डॉक्टर ठरवतात. कोविडचा पुढचा डोस आणि आरएसव्हीची लस यांबद्दल तपासणीला गेल्यावर स्वतःहून विचारा. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना दरवेळी आठवेलच असं नाही.

एक नियम पक्का लक्षात ठेवा: जिवंत विषाणूची लस घ्यायची नाही. नाकात फवारायची फ्लूची लस, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर या त्या लसी. दंडात टोचायची फ्लूची लस मृत विषाणूची असते, ती चालते. "लसीने रिजेक्शन होतं" असं वेटिंग रूममध्ये कोणी ना कोणी सांगतंच. या मृत लसींनी रिजेक्शन वाढत असल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. फ्लू झाल्यावर किडनीचं काय होतं, ते मात्र मी पाहिलंय.

४. घरातली माणसं

रुग्णात लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून घरातल्या प्रत्येकाने ती घ्यायची. आमच्याकडे मे महिन्यात एकाच दिवशी सगळे जाऊन घेतात, सासूबाईंपासून धाकट्या मुलापर्यंत. शाळेत जाणारं मूल हे विषाणूचं घरात शिरण्याचं मोठं दार आहे. त्याला आल्या आल्या हात धुवायला लावायचं. त्याला सर्दी असेल तर बाबांच्या खोलीत झोपायचं नाही, एका ताटात जेवायचं नाही. मुलं समजून घेतात, फक्त एकदा शांतपणे कारण सांगावं लागतं.

खिडक्या उघड्या ठेवा. दवाखान्याची वेटिंग रूम, लोकल, एसटी, लग्नाचा हॉल इथे एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसलेला. सगळ्यात जास्त खोकणारी माणसं दवाखान्यातच भेटतात, म्हणून तिथे तर हवाच.

गणपतीचं कठीण जातं. तो नेमका फ्लूच्या दिवसांत येतो आणि घरी दर्शनाला येणाऱ्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. पहिल्या वर्षी आम्ही कोणाला बोलावलंच नाही. आता दर्शन दारं-खिडक्या उघडून पुढच्या खोलीत होतं, तो मास्क लावून बसतो, आणि मी आधीच सगळ्यांना कळवते की शिंक-खोकला असेल तर यंदा व्हिडिओवर दर्शन घ्या. एकदा एक आत्या रागावल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनीच सर्दी आहे म्हणून येत नसल्याचं फोन करून सांगितलं.

५. पहिला दिवस

नाक गळणं, घसा दुखणं, नवा खोकला, अंग मोडून येणं, नेहमीपेक्षा जास्त थकवा, जेवण न जाणं. यातलं एक जरी सुरू झालं तरी त्याच दिवशी फोन करायचा. "उद्यापर्यंत बघू" म्हणायचं नाही. कारण साधं आहे: फ्लूवरचं ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. कोविडवरच्या औषधांनाही सुरुवातीचेच दिवस असतात.

फोनवर घाबरून काहीच धड सांगता येत नाही, म्हणून वही समोर ठेवा. मी असा मेसेज पाठवते:

"ट्रान्सप्लांटला दोन वर्षं, डोनर पत्नी. काल रात्रीपासून नाक गळतंय, कोरडा खोकला. ताप ९९.४, रोजचा ९७.८. ऑक्सिजन ९७, घरात सहा मिनिटं चालून ९५. बीपी १३०/८४. लघवी नेहमीसारखी. उलटी-जुलाब नाहीत. टॅक्रो २-२, मायकोफेनोलेट ५००-५००, वायसोलोन (स्टिरॉइड) ५. शेवटचं क्रिएटिनिन १.६, लेव्हल ६.८. मुलाला तीन दिवसांपासून सर्दी. बाहेरचं कुठलंही औषध दिलेलं नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिते. तापाची गोळी द्यायच्या आधी ताप मोजून लिहायचा, नाहीतर पॅरासिटामॉल खरा आकडा झाकून टाकतं.

चालून ऑक्सिजन बघायची सवय आम्हाला कोविडने लावली. बसल्या जागी ९६ दिसतो आणि चार फेऱ्या मारल्या की ९१ होतो, असं फुप्फुसात सुरुवात झालेली असताना घडतं. बोट थंड असेल किंवा नखाला नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. बोट चोळून, पुसून पुन्हा बघा.

६. काय द्यायचं, काय अजिबात नाही

सगळ्यात मोठी चूक ट्रान्सप्लांटच्या गोळ्या स्वतःहून बंद करण्याची असते. "प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणूनच आजारी पडला ना, मग दोन दिवस थांबवू" असं शिकलेली माणसंसुद्धा म्हणतात. तसं केलंत तर सर्दी जाईल आणि रिजेक्शन येईल. आजार वाढला तर डॉक्टर बहुतेक वेळा आधी मायकोफेनोलेट कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात, पण तो निर्णय त्यांचा. स्टिरॉइड तर एकदम कधीच बंद करायचं नाही. वर्षानुवर्षं गोळी घेऊन शरीर स्वतःचं स्टिरॉइड पुरेसं बनवायचं विसरलेलं असतं. आजारपणात ते अचानक तुटलं तर बीपी कोसळू शकतं.

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही वेदनाशामकं अजिबात द्यायची नाहीत; त्यांची नावं वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि टॅक्रोलिमस ते काम आधीच थोडंफार करत असतं. दोन्ही एकत्र आली की क्रिएटिनिन उडी मारतं. ही औषधं एकट्याने येतात तशी पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीतही येतात, म्हणून पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. सर्दीच्या तयार गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन बीपी वाढवतं. तेही विचारल्याशिवाय नको.

दुसरी मोठी गडबड टॅक्रो लेव्हलची. टॅक्रोलिमस यकृतात आणि आतड्यात ज्या वाटेने मोडलं जातं, तीच वाट काही औषधं अडवतात. मग तेवढ्याच गोळीत रक्तातली लेव्हल दुप्पट-तिप्पट होते, हात थरथरतात, क्रिएटिनिन चढतं. छातीत कफ आहे म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात सर्रास लिहिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन त्यातलंच. एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल हीही. कोविडवरच्या पॅक्सलोविडमधलं रिटोनाविर तर लेव्हल धोकादायक पातळीवर नेतं, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते घ्यायचंच नाही. उलट टीबीवरचं रिफॅम्पिसिन लेव्हल पार खाली आणतं. तोंडाला चव नाही म्हणून कोणी पपनस सोलून आणलं तर तेही नको. ग्रेपफ्रूटसारखंच ते लेव्हल वाढवतं.

जुलाब लागले तर टॅक्रो लेव्हल कमी होईल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा वाढते. उलटीत गोळी पडली तर अंदाजाने दुसरी देऊ नका, फोन करून विचारा.

आता काढ्याबद्दल. मायेने कोणी ना कोणी गुळवेल आणून देतंच. पण गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं मानून घेतली जाते, आणि आपण रोज सकाळ-संध्याकाळ नेमकं तेच दाबायला गोळ्या घेतोय. २०२० साली मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे. ज्येष्ठमध जास्त घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं. "इम्युनिटी बूस्टर" असं लेबल असलेली कुठलीही बाटली आमच्या घरात येत नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, कोमट पाणी, गरम मऊ भात, मुगाचं वरण यात काही बिघडत नाही. ताप असेल तर पाणी कमी पडू देऊ नका, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापानुसार. अंग कोरडं पडलं की क्रिएटिनिन चढतं.

७. दवाखान्यात गेल्यावर

नाका-घशाचा स्वॅब घेतात. निदान फ्लू आणि कोविडची तपासणी होतेच. बऱ्याच विषाणूंची एकत्र पीसीआर तपासणीही असते, ती महाग असते, पण फुप्फुसापर्यंत गेलं असेल तर डॉक्टर ती सांगतात. सोबत रक्त, क्रिएटिनिन, टॅक्रो लेव्हल, साखर, छातीचा एक्स-रे. एक्स-रे सुरुवातीला अगदी स्वच्छ दिसू शकतो, म्हणून सीटी स्कॅन सांगितला तर "एक्स-रे नॉर्मल आहे ना" म्हणून वाद घालू नका.

लेव्हलसाठी रक्त देताना सकाळची टॅक्रोची गोळी घेतलेली नको. रक्त आदल्या डोसानंतर बारा तासांनी द्यायचं, गोळी त्यानंतर. धावपळीत हे हमखास चुकतं आणि लेव्हल खोटी जास्त येते. आमच्याकडे गोळी त्याच्या शर्टाच्या खिशात असते आणि रक्त दिल्यावर मी ती हातात देते.

फ्लूची शंका असेल तर रिपोर्टची वाट न पाहता ऑसेल्टामिविर सुरू करतात. डोस क्रिएटिनिन बघून ठरतो. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर "ट्रान्सप्लांट झालंय" हे दारातच सांगायचं, आणि तुमच्या नेफ्रोलॉजिस्टशी त्यांचं बोलणं करून द्यायचं. कोविडमध्ये रेमडेसिविर शिरेतून देतात, त्याची टॅक्रोशी पॅक्सलोविडसारखी ओढाताण होत नाही. ऱ्हायनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझासारख्यांवर नेहमीच्या वापरातलं खास औषध नाही. तिथे ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांचा तोल सांभाळणं आणि जवळून लक्ष ठेवणं हाच उपचार. म्हणूनच "अँटिबायोटिक का देत नाही" असा हट्ट धरू नये.

खोकला लांबला तर टीबीचीही तपासणी करून घ्या. आपल्या देशात ट्रान्सप्लांटनंतर टीबीचा धोका खरा आहे आणि तो सर्दी-खोकल्याच्या आड सहज लपतो.

८. फोन करत बसायचं नाही, निघायचं

ऑक्सिजन ९४ च्या खाली. बोलताना दम लागणं, एक वाक्य पुरं न होणं. छातीत दुखणं. ताप १००.४ किंवा जास्त. लघवी एकदम कमी होणं. नव्या किडनीच्या जागी, ओटीपोटाच्या त्या बाजूला दुखणं. गुंगी, असंबद्ध बोलणं. बरं वाटायला लागल्यावर दोन दिवसांनी पुन्हा ताप चढणं: याचा अर्थ बऱ्याचदा मागून जिवाणूचा न्यूमोनिया आलेला असतो. निघताना वही, सगळ्या गोळ्या आणि शेवटचे रिपोर्ट घ्या. रात्री वॉर्डात टॅक्रो मिळेलच याची खात्री नसते, म्हणून घरची पट्टी सोबत हवी.

९. घरी आल्यावर

ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या नाका-घशातून विषाणू कधी कधी कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. त्यामुळे बरं वाटलं तरी ओपीडीत इतर रुग्णांशेजारी बसताना मास्क हवाच, आणि घरात वेगळं कधीपर्यंत राहायचं ते डॉक्टरांना विचारायचं. क्रिएटिनिन आणि लेव्हल एक-दोन आठवड्यांत पुन्हा करतात, कारण संसर्गानंतरच्या काळात रिजेक्शनकडे लक्ष ठेवावं लागतं. उपचारात स्टिरॉइड वाढवलं असेल तर साखरही घरी तपासत राहा.

आजारात मायकोफेनोलेट कमी केलं असेल, तर डिस्चार्जच्या दिवशीच विचारा: पूर्ववत कधी करायचं? डिस्चार्जच्या कागदावर त्या दिवशीचा डोस लिहिलेला असतो, पुढे वाढवायची तारीख नसते. पुढच्या ओपीडीत डॉक्टर वेगळे असले तर कमी केलेला डोसच नेहमीचा समजला जातो. आम्ही ती तारीख लिहून घेतली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवली. त्या दिवशी सकाळी मी फोन केला, रक्त तपासलं, आणि संध्याकाळपासून तो पुन्हा ५००-५०० वर आला.